गीझर बंद, थंडी जोरात: दुरुस्त करू की नवा घेऊ?

इंदिरानगरची_सूनबाई

मंडळी, जरा डोकं लावा. आमचा २५ लिटरचा गीझर रविवारपासून रुसलाय. खटका दाबला की लाल दिवा क्षणभर लागतो आणि फटकन अख्ख्या घराचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडतो. गीझरचा खटका बंद ठेवला की बाकी सगळं सुरळीत. म्हणजे घोळ गीझरातच आहे, एवढं मलाही कळतं.

कंपनीचा माणूस येऊन गेला. स्क्रू ड्रायव्हर खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही हो त्याने. खालून मोबाइलचा टॉर्च मारला, "टाकी गेलीय मॅडम, एक्स्चेंजमध्ये नवीन बसवून देतो" म्हणाला, व्हिजिट चार्जची पावती फाडली आणि निघाला. टाकी गेली असेल तर पाणी गळायला नको का? खाली एक थेंब नाही, गंजाचा ओघळ नाही.

घरची परिस्थिती सांगते म्हणजे घाई का आहे ते कळेल. यजमान नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्टला, सव्वासहाला घराबाहेर. लेक दुसरीत, तिची व्हॅन पावणेसातला. आणि सासूबाई ७८ वर्षांच्या. थंडीत त्यांची बोटं आखडतात, गुडघे धरतात, पण पहाटे आंघोळ झाल्याशिवाय पूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय चहा नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा क्रम आहे, तो एका गीझरपायी मोडायचा नाही असं त्यांनी जाहीर केलंय. सध्या मी गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी कडक करते आणि पॅसेजमधून बाथरूमपर्यंत नेते. काल लेक झोपेत डोळे चोळत मध्येच आली, पातेलं हिंदकळलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. हे फार दिवस चालणार नाही.

घरात आता तीन पक्ष आहेत. यजमान म्हणतात गॅस गीझर घेऊ, बिल वाचेल. सासूबाई म्हणतात माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा आणि बाल्कनीत पेटवा, त्या पाण्याची सर गीझरला नाही. मी एकटीच म्हणतेय की आहे तोच दुरुस्त होत असेल तर बघू. गीझर सात वर्षांचा आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. कोणाला अनुभव असेल तर सांगा, आणि तोवर पाण्याचं काय करायचं तेही.

पाथर्डी_फाटा

सात वर्षं म्हणजे पैसे वसूल झाले की वहिनी. फाइव्ह स्टार घ्या नवीन, विषय संपला. थंडी बघताय ना काय पडलीय!

सातपूरचा_वायरमन

ताई, थांबा, लगेच नवीन घेऊ नका. मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता रिटायर आहे. हीटर, मोटारी, पॅनल यातच हयात गेली.

तुमचं निम्मं निदान तुम्हीच लिहिलंय. ईएलसीबी पडतो कधी, तर आत गेलेला करंट पूर्ण परत न येता कुठेतरी जमिनीत गळतो तेव्हा. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. टाकीला भोक पडलं तर पाणी गळेल, करंट कशाला गळेल? गळतोय तो एलिमेंटमधून. एलिमेंट म्हणजे धातूची नळी, तिच्या आत तापणारी तार, आणि दोघांच्या मध्ये दाबून भरलेली पांढरी पावडर. नळीला बारीक चीर पडली की पाणी त्या पावडरीत शिरतं आणि करंट नळीवर, तिथून पाण्यात आणि अर्थिंगला. क्वचित वायर भाजून बॉडीला टेकलेली असते, पण दहात नऊ वेळा एलिमेंटच.

आता तुमच्याकडे पाणी कुठलं ते सांगा. नुसतं मनपाचं असेल, म्हणजे धरणाचं, तर सात वर्षांत एलिमेंट एवढं खराब होत नाही. सोसायटीने टाकीत बोअरचं सोडलं असेल तर मात्र नक्की क्षार बसलेत. क्षाराचा थर जाड झाला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जायला वाट मिळत नाही, ते आतल्या आत तापतं आणि तडकतं. पाणी तापायला आधीपेक्षा वेळ लागत होता का? आतून कडकड, खडखड असा आवाज यायचा का? दोन्हीला हो असेल तर पैज लावतो.

मेकॅनिक कंपनीचाच पाहिजे असं नाही. शालिमार, मेन रोडकडे इलेक्ट्रिकची दुकानं आहेत, तिथे सुटे पार्ट मिळतात आणि काम करणारी पोरंही कळतात. त्याला पहिला प्रश्न विचारा, "मीटर आहे का?" नसेल तर चहा पाजून परत पाठवा. असेल तर समोर उभं राहून बघा. २००० वॅटचं एलिमेंट असतं, त्याच्या दोन टोकांत साधारण २६ ओहम दाखवलं पाहिजे. मग एक टोक आणि एलिमेंटची बॉडी यांच्यात धरायला सांगा. तिथे काहीच दाखवायला नको. तिथे आकडा आला की चोर सापडला. गळती बारीक असेल तर साधं मीटर चकवतं, त्याला मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारं मीटर) लागतो, पण तुमचा ईएलसीबी लगेच पडतोय म्हणजे गळती बारीक नाही.

काम असं चालतं. एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) खाली, गीझरचा इनलेट, म्हणजे पाणी आत यायची वाट, बंद, टाकी रिकामी, खालचं झाकण काढून फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट धरून ठेवणाऱ्या चकतीचे, बोल्ट सोडायचे, एलिमेंट खाली ओढायचं. गॅसकेट नवीनच टाकायला लावा, जुनंच परत बसवलं की पंधरा दिवसांत टिपकतं. टाकीत साचलेला क्षार हाताने काढायचा, पण पटाशी, स्क्रू ड्रायव्हर आत घालू देऊ नका. टाकीला आतून काचेसारखा थर असतो, तो खरवडला की मग खरोखर टाकी जाईल. आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बघून घ्या. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. झिजून नुसती तार उरली असेल तर बदला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. एखादा शहाणा म्हणेल, "ईएलसीबीच खराब आहे, बायपास करतो, लगेच चालू होईल." चालू होईल, खरं आहे. पण मग तो करंट शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसातून जाईल. असं म्हणणाऱ्याला दारातच नमस्कार करा.

तोवर रॉड वापरा. आयएसआयचा घ्या, त्यावर आयएस ३६८ लिहिलेलं असतं. १५०० वॅटचा रॉड बाथरूमच्या त्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, मोबाइल चार्जरच्या पॉइंटला एक्स्टेन्शन लावून नाही. प्लॅस्टिकची बादली, आडवी लाकडी पट्टी, तिला रॉड अडकवायचा म्हणजे बादलीला चिकटून ती वितळत नाही. आधी पाण्यात, मग खटका. काढताना आधी खटका बंद, पिन बाहेर, मग पाण्याला हात. पाणी तापलं का ते बोट घालून बघायची सवय घरात कोणाला असेल तर आजच मोडा. २० लिटरची बादली आंघोळीपुरती तापायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, वीज पाऊण युनिटाच्या आत. बाथरूमला बाहेरून कडी लावून ठेवा, लेक लहान आहे.

पातेल्यानेच न्यायचं असेल तर गार पाण्याची बादली आधी बाथरूममध्ये भरून ठेवा आणि कडक पाणी झाकणाच्या, कडीच्या डब्यातून थोडं थोडं न्या.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर

दादांनी सगळं सांगितलंय, मी फक्त गॅस गीझरबद्दल लिहिते कारण त्यावर कोणी बोललं नाही.

नवऱ्याला सांगा, बाथरूमच्या आत गॅस गीझर अजिबात नाही. बाथरूम केवढं असतं आपलं? चार बाय सहा, एक जाळीची खिडकी, तीही थंडीत कागद लावून बंद. त्यात गीझरची ज्योत ऑक्सिजन खाते आणि हवा पुरेशी नसली की कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, माणसाला वाटतं वाफेने गरगरलं. कडीपर्यंत हात पोचायच्या आत तो खाली बसलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आणि कोविडनंतर घरोघरी असलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे साफ खोटं बोलतं, पेशंट बेशुद्ध आणि आकडा ९८. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की हा वायू, ते ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात अशा केसेस येतात तेव्हा नातेवाईक पहिलं वाक्य हेच म्हणतात, "चक्कर आली असेल, सकाळी काही खाल्लं नव्हतं."

गॅस गीझर बाहेर, उघड्या डक्टमध्ये किंवा कोरड्या बाल्कनीत असेल आणि आत फक्त पाण्याचा पाइप येत असेल तर वेगळी गोष्ट. पण ७८ वर्षांच्या बाई आणि दुसरीतली मुलगी आतून कडी लावून आंघोळ करणार असतील तर मी माझ्या घरात तरी नाही बसवणार.

आणि हो, सासूबाईंना आठवडाभर आंघोळ दुपारी बारा-एकला घालता आली तर बघा. पहाटे अंग पुसून, कपडे बदलून पूजा. आमच्या आजीने हे मान्य केलं होतं, पण "देवाला कारण सांगितलंय" असं आधी आम्हाला बजावून.

सातपूरचा_वायरमन

सिस्टरचं शंभर टक्के बरोबर. आणखी एक, ताईंचा फ्लॅट टाकीच्या लगेच खाली आहे. तिथे पाण्याला जोर कमी असतो. गॅस गीझरची ज्योत पेटायला पाण्याचा ठराविक दाब लागतो, तो मिळाला नाही की नुसतं टिकटिक टिकटिक, सेल संपतात आणि पाणी गारच. वरच्या मजल्यावरची निम्मी माणसं गॅस गीझर घेऊन मग प्रेशर पंप घेतात. कुठलं बिल वाचलं?

द्राक्षबाग_निफाड

राम राम. थंडीचं नाशिककरांनी आम्हाला सांगू नये भो. तुमच्याकडे स्वेटर निघतो तेव्हा आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि आम्ही पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवत, ड्रिपचं पाणी सोडत फिरत असतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. पाच अंशाखाली पारा गेला की बायको म्हणते आधी बागेची आंघोळ, मग तुमची.

बंबाचं मी सांगतो, कारण आमच्याकडे रोज पेटतो. छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या ढिगाने पडतात, त्या वाळवून वर्षभर बंबाला. भुरूभुरू पेटतात, धूर कमी. आजींचं म्हणणं खोटं नाही, बंबाचं पाणी बराच वेळ कढत राहतं आणि वरून गार तांब्या ओतला की तोटीतून गरम तांब्या हातात, दहा माणसं ओळीने उरकतात. पण ते अंगणातलं काम आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत पेटवला तर धूर शेजारच्या घरात, राख खालच्या घरात आणि सोसायटीचा सेक्रेटरी तुमच्या दारात. आणि थंडी आहे म्हणून पेटता बंब नाहीतर निखाऱ्यांची शेगडी दार लावून घरात घेऊ नका. सिस्टरने गॅसचं जे सांगितलं तेच निखाऱ्याचं आहे.

बंब बरीच वर्षं माळ्यावर असेल तर आधी पाणी भरून रात्रभर ठेवा. जुन्या बंबाचा डाख मधल्या नळीपाशी सुटलेला असतो. पाणी संपलं आणि खाली जाळ राहिला की डाख वितळतो, मग तांबट शोधत फिरा. नाशिकला भांडी बाजारात चौकशी केली की कळेल कोण डाख लावतं ते. मोडीत मात्र घालू नका, एवढं जड तांबं आता कोणी घडवत नाही.

लीड्सवासी_नाशिककर

मूळचा कॉलेज रोडचा, सध्या इंग्लंडात. तुमचं वाचून हसूही आलं आणि कालची रात्रही आठवली. इथे बॉयलर बंद म्हणजे नुसती आंघोळ नाही, घरच गार. एकाच बॉयलरवर नळाचं गरम पाणी आणि सगळ्या खोल्यांचे रेडिएटर. बाहेर शून्याखाली गेलं की बॉयलरमधून निघणारं पाणी बाहेर नेणारा बारीक पाइप गोठतो, आतून गुडगुड आवाज येतो आणि बॉयलर स्वतःला कुलूप लावून घेतो. बाहेर जाऊन त्या पाइपवर कोमट पाणी ओतायचं (उकळतं नाही, पाइप तडकतो), आत येऊन रीसेट दाबायचं. काल रात्री अंगावर दोन जॅकेट घालून हातात किटली घेऊन मी तेच करत होतो, आणि आई व्हिडिओ कॉलवर विचारतेय, "भिंतीला का पाणी घालतोयस?" बॉयलर गार असताना गेजवरचा दाब एक बारच्या खाली गेला असेल तर पाणी भरून एक ते दीड बारपर्यंत वाढवायचा, एवढं घरचा माणूस करू शकतो. त्यापुढे गॅसला हात लावायचा नाही, नोंदणी असलेलाच इंजिनीअर बोलवायचा. घराघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असतो. आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो, गॅस गीझर आहे त्यांनी घ्यावा.

बॉयलर बंद असला की आम्ही सगळे एकाच खोलीत राहतो, दाराखाली चादर गुंडाळून. सासूबाईंसाठी हे करून बघा. नाशिकच्या घरांना फरशी, मोठ्या खिडक्या, सगळं उन्हाळ्याच्या हिशेबाने. पायाखाली सतरंजी आणि पायात मोजे, याने खरंच फरक पडतो.

पाथर्डी_फाटा

गच्ची वरच आहे तर सोलर का नाही बसवत? नाशिकला थंडीत आभाळ स्वच्छ, ऊन कडक. आमच्याकडे १०० लिटरचा आहे, डिसेंबरातही चटका बसतो.

इंदिरानगरची_सूनबाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वायरमन दादा, पैज तुम्ही जिंकलात. सोसायटी दिवाळीनंतर बोअरचं पाणी मिसळते, आणि कडकड आवाज दोन हिवाळे येतोय, आम्ही त्याला "गीझर बोलतो" म्हणायचो. शालिमारकडच्या दुकानातून एक मुलगा मिळाला, मीटर घेऊन आला. मी बाजूला उभी राहिले आणि "बॉडीला धरून दाखव" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा वळून पाहिलं. आकडा आला! एलिमेंट खाली ओढलं तर नळी दिसतच नव्हती, मक्याच्या कणसासारखा दाणेदार पांढरा थर, आणि वाकलेल्या कोपऱ्याशी केसाएवढी काळी चीर. टाकीतून घमेलंभर चुनखडी निघाली. अ‍ॅनोडची नुसती तार उरली होती. एलिमेंट, गॅसकेट, अ‍ॅनोड, तिन्ही नवीन. खर्च नव्या गीझरच्या पाव भागसुद्धा नाही, आणि जुने पार्ट मी मागून घेतले, यजमानांना दाखवायला.

सिस्टर, गॅस गीझरचा विषय तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवल्यावर बंद झाला. दुपारच्या आंघोळीला मात्र सासूबाई तयार झाल्या नाहीत. रॉड होता तोवर त्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि मला सांगायच्या, "पिन काढलीस का? आधी दाखव."

निफाडच्या दादा, बंबात रात्रभर पाणी भरून ठेवलं. तोटीपाशी थेंब, मधली नळी शाबूत. सासूबाईंनी तो चिंच-मिठाने घासून घेतलाय आणि गावी दिराकडे पाठवायचा ठरलाय, तिथे अंगण आहे.

सोलरचं सोसायटीत विचारलं. गच्ची सामाईक आहे, मीटिंगमध्ये ठेवा म्हणाले. म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत काही नाही.

एक शेवटचं विचारते. थर्मोस्टॅट किती वर ठेवू? दुरुस्तीवाला मुलगा पुन्हा फुल करून गेलाय. आणि हे साफ करणं किती दिवसांनी?

सातपूरचा_वायरमन

शाब्बास ताई, जुने पार्ट मागून घेतलेत हे उत्तम केलंत.

फुल नको. ६० अंशांच्या आसपासच ठेवा. पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त सुटतो आणि एलिमेंटवर बसतो. ६० अंशांचं २५ लिटर पाणी गार मिसळून आंघोळीच्या दोन बादल्या सहज होतं, वर थोडं उरतं. तुम्ही तिघं-चौघं एकामागोमाग आहात, तर पहिल्या आंघोळीनंतर खटका परत चालू करून बादली भरू द्या, पुढच्याला गार लागणार नाही. टाकी पूर्ण गार झालेली असेल तर तापायला पाऊण तास धरा, त्या हिशेबाने पहाटे लावा. रात्रभर चालू ठेवू नका.

बोअरचं पाणी आहे तर दरवर्षी उघडायचा. नवरात्र ते दिवाळीच्या मधे करून घ्या. डिसेंबरात त्याच पोराला फोन कराल तर तो आठवडा सांगेल. अ‍ॅनोड दोन वर्षांनी बघा. आणि त्या गीझरच्या गार पाण्याच्या इनलेटवर जो सेफ्टी वॉल्व्ह असतो, त्याची छोटी दांडी असते ना, ती महिन्यातून एकदा उचलून पाणी सुटतंय का बघत जा. क्षाराने ती जाम झाली तर दाब बाहेर जायला वाट राहत नाही. उचलताना हात बाजूला ठेवा, कढत पाणी येतं.